गाडीचं नाक

नांदेडच्या बसस्टँडवर इस्लापूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक नर्सबाई आणि तिची आत्या बोलत बसल्या होत्या.

“चांगल्या जीपला जावईबापूंनी भोक पाडलं म्हणं?”

“हाव आत्या. बॉनेटच्या बाजूच्या पत्र्याला. कागदावर माप काढून मीच चिकटवून दिलं.”

“अगं, पण कशापायी?”

“स्नॉर्कल बसवायला. गाडीचं नाकच समज, इंजिनाला हवा ओढायचा पाइप टपापर्यंत वर नेलेला. गेल्या पावसाळ्यात ओढ्यात इंजिनानं पाणी ओढलं अन् जीप तिथंच अडकली. आत बाळंतपणाला अडलेली बाई होती, तिला बाजेवर घालून दवाखान्यात न्यावं लागलं.”

“फिटरकडून तरी बसवायचं.”

“फिटर म्हणला, असलं काम म्या कधी केलं न्हाई. मग हेच बसले मोबाइलवर बघून बघून.”

“अन् आता पाणी न्हाई घुसणार, कशावरून?”

“इंजिन चालू ठेवायचं अन् पाइपाच्या तोंडावर हात दाबून धरायचा. बंद पडलं, तर सांधे पक्के. चालूच राहिलं, तर हवा दुसरीकडून घुसून राहिली. मग पाणीबी घुसंल.”

“मग?”

“दोन रविवार मेली बंदच पडंना! हे रडकुंडीला आले. पुन्हा सगळं खोललं, सांधे आवळले. काल मी हात ठेवला.”

“अन्?”

“गपकन बंद!”

“गं बाई!”

“आवाज गेला तसे गल्लीतले धावत आले, धक्का मारू का म्हणून. अन् हे त्यांना पेढे वाटून राहिले.”