जिभेखालची गोळी

माहेर माझं चुडाव्याचं. स्टेशनाजवळच आमची वस्ती, आजानं धम्म घेतला तवापासूनची आमी बौद्ध मानसं. बाप रेल्वेच्या रुळावर मजुरीला होता आन् माय मी बारा वर्षांची असतानाच गेली, तर सिधू, म्हंजे माझा भाऊ सिद्धार्थ, तवा तीन वर्षांचा, त्याला मीच कडेवर वागवून वाढविला. लग्न होऊन इकडं आले, गावाचं नाव कशाला, तालुक्याचं गाव हाय म्हना. मालक लवकर गेले, मंग मी सरकारी दवाखान्यात झाडू-फरशीला लागले.

सिधू बी इकडंच आला, गवंडी झाला. काय सांगू तुमाला, भिंत अशी काढायचा की बघनारानं हात फिरवावा. एक दिवस परांची मोडली आन् पाठीवर पडला. हाड न्हाई मोडलं, पन कंबर धरली, लेकरासारखा रडायला लागला, तर मीच त्याला दवाखान्यात आनला, मीच, दुसरं कोनी न्हाई. आमचे जुने डॉक्टर, समदे त्यांना सर म्हनतेत, लय मायाळू मानूस, त्यांनी दुखन्याची सुई दिली. दहा मिनिटांत सिधू हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई. तिसऱ्या दिवशी मी म्हनले सर, अजून एक द्या की, बघवत न्हाई, ते म्हनले बरं.

कंबर बरी झाली तरी सुई सुटंना. न्हाई घेतली की जांभया, नाकाडोळ्याला पानी, अंगावर काटा, जुलाब, पाय नुसते झाडायचा. मंग कुठून कुठून आनून आपली आपनच टोचायला लागला. हात सुजले, काम गेलं, बायको लेकरू घेऊन माहेरी गेली. लोक म्हनायचे नशेडी. मी बी म्हनले. एकदा चपलेनं मारलं त्याला, खोटं कशाला बोलू.

मंग नव्या डॉक्टर मॅडम आल्या, पुन्याकडच्या. नशा सोडवायच्या इलाजाचं ट्रेनिंग करून आलत्या. सिधूला बघून त्या रागावल्या न्हाईत, इतकंच इचारलं, शेवटची सुई कधी घेतली? म्हनल्या, उद्या सकाळी या, तोवर काही घ्यायचं नाही, त्रास सुरू झाला की मग गोळी देते, आधी दिली तर जास्त त्रास होईल. सकाळी सिधू बाकावर घामाघूम, दात वाजायलेत. गोळी जिभेखाली ठेवली. गिळायची न्हाई, बोलायचं न्हाई, इरघळूस्तोवर गप. मी झाडू टाकून त्याच्याजवळ बसले. तासाभरानं म्हनला, अक्का, भूक लागली. येवढं ऐकून मी पदर तोंडात धरून रडले.

रोज गोळी, सात-आठ महिने. पुन्हा थापी धरली त्यानं, बायको परत आली.

मॅडम म्हनायच्या मी एकटी किती दिवस पुरनार, बाकीच्यांना आलं पाहिजे. शनिवारी आजूबाजूचे पाच-सहा डॉक्टर बोलावून शिकवायच्या. एका शनिवारी सिधूला म्हनल्या, तू सांगशील का यांना, नसेल जमत तर नको. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, मी दारात उभी. एक डॉक्टर म्हनला, ही बी नशाच की, एक सोडवून दुसरी लावायची. सिधू म्हनला, साहेब, सुई घेतल्यावर मी पडून ऱ्हायचो, गोळी घेतल्यावर भिंत बांधतो. मंग दुसऱ्यानं इचारलं, पहिली सुई कुनी दिली? आता आमचे सर तिथंच, वही घेऊन पुढच्या खुर्चीवर. सिधूनं मान खाली घातली, म्हनला, आठवत न्हाई.

सर उठले. म्हनले, मी दिली. असं होतं हे मला कुनी शिकवलं न्हवतं, आन् झाल्यावर काय करायचं तेबी न्हाई. मंग बसले आन् वहीत लिहायला लागले.

पुढं मॅडमची बदली झाली. सर म्हनले फिकीर नको, मी चालवतो. पन परवानगी मॅडमच्या नावावर, गोळ्या त्याच कागदावर यायच्या. सरांनी अर्ज केले, जिल्ह्याला खेटे घातले, तिथं म्हनले कागद वर गेलाय. शिकलेल्या डॉक्टरांतला एक पुढच्या शिक्षनाला गेला, एक लिहून द्यायला भेतो, बाकीचे फोन उचलंनात. सरांनी गोळी अर्धी अर्धी करून पुरविली, मंग तीबी संपली. मोठ्या शहराच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली, सिधू दोनदा गेला, पन कामावरून रोज कसं जानार हो? महिन्याभरात सुईवर आला. बायको पुन्हा गेली, ह्या बारीला तिनं पोराची शाळा बी तिकडंच घातली.

एक दिवस तो सरांच्या टेबलापुढं हात जोडून उभा, एकच द्या म्हने. सरांनी त्याचा हात धरून ठेवला, सुई दिली न्हाई. तो हात झटकून निघून गेल्यावर मला म्हनले, चंद्रकलाबाई, समजत न्हवतं तवा माझ्या हातात सुई तरी होती, आता समजायलंय तर हात रिकामे. मी फरशी पुसायला घेतली.

आता तो चुडाव्यात, बापाच्या रिकाम्या खोलीत असतो. रविवारी मी गाडीनं जाते, भाकर-कालवन नेते, दार उघडलं तर बसते, न्हाई तर उंबऱ्यावर ठेवून येते. जिता हाय, येवढंच. तुमी येवढं ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो बाबा, तुमच्या घरात कुनाचं दुखलं-खुपलं तर शिकलेला डॉक्टर भेटो, आन् त्याच्या कपाटात दवा बी असो.