आवणीला येतो म्हणालो

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं माझी मान वर निघायची नाही. माझी मुलगी दिलीय भंडारदऱ्याकडं. पावसाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी तिकडं फिरायला जायचं ठरवलं. आपल्या सोनईत कुठं भात लावतात? म्हणून मी व्याह्यांना फोन केला, "पाहुणं, तुमची भाताची आवणी सुरू झाली की आमी चौघं येतो."

"या की! लई बरं हुईल."

मला फक्त बांधावर उभं राहून फोटो काढायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. "आण्णा, इकडं आवणीला येतो म्हणजे लावणी करू लागायला येतो. मामंजींनी चार मजुरांना नको म्हणून सांगितलंय. सासूबाईंनी पावसात अंगावर घ्यायला गावातून चार इरली मागून आणलीत."

मित्रांना सांगितलं, तर एकाची कंबर धरली, दुसऱ्याचं बीपी वाढलं, तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. शेवटी मीच व्याह्यांना कळवलं, "गाडी बंद पडलीय, जमायचं न्हाई."

सकाळी दारात पिकअप उभी! व्याही स्वतः आलेले, पायाचा चिखलसुद्धा तसाच. "म्हनलं, गाडीवाचून कशाला अडायचं?"

तेवढ्यात पिकअपला जागा व्हावी म्हणून आमच्या बायकोनं अंगणातली गाडी चालू केली आणि झोकात मागं घेतली.

व्याही बघत राहिले. मग म्हणाले, "झाली व्हय दुरुस्त? बरं झालं. आता ऐसपैस बसून जाऊ."