चार वाजताची प्रत

— नाही मॅडम, माउस लागत नाही याला, सगळं टाइप करूनच. हा काळा पडदा आहे ना, एवढंच माझं ऑफिस. खुर्ची ओढा थोडी जवळ, तिथून अक्षरं दिसणार नाहीत. हां. तर तुम्हाला त्या दिवशीचा डेटाबेस हवाय, जसा होता तसा — अॅम्ब्युलन्सचा फोन आला किती वाजता, पत्ता लिहिला किती वाजता, गाडीला पाठवला किती वाजता. मिळेल. आमच्याकडे दर चार तासांनी सगळ्या डिस्कचा स्नॅपशॉट निघतो, फोटोच म्हणा, आणि तो साठ दिवस राहतो. आज कितवा? सेहेचाळिसावा. माहितीय मला, मोजावं नाही लागत.

ही बघा यादी आली. नावातच तारीख आणि वेळ असते. बाराचा, चारचा, आठचा. फोन आला होता दुपारी दोन बाराला, म्हणजे बाराच्या स्नॅपशॉटमध्ये तो नसणार. आपल्याला चारचा घ्यायचाय. आठचा उपयोगाचा नाही, तो मी बदलल्यानंतरचा —

हो. बरोबर ऐकलंत. लिहा. खोडू नका, लिहा. मी असं बोलणार नव्हतो, आधी क्लोन, म्हणजे त्या फोटोवरून चालणारी डिस्क, तयार करून द्यायचा आणि मग काय ते, असं ठरवून आलो होतो — पण ठरवलेलं काय होतं एरवी तरी. थांबा, ही कमांड पुरी करू दे, अर्धवट सोडली तर परत पहिल्यापासून.

झाला क्लोन. एवढ्यात कसा म्हणजे — यात कॉपी काही होतच नाही ना. चारच्या स्नॅपशॉटकडे बोट दाखवणारी एक नवीन डिस्क फक्त. आता ती या चाचणीच्या सर्व्हरला जोडतो. खऱ्याला हात लावायचा नाही, तिथे लोकांचे फोन चालू आहेत. आणि नाव बदलायचं, नाहीतर एकाच नावाचे दोन डेटाबेस. आणि आपोआप चालणारी कामं आधी बंद, ते विसरलो तर दीड महिन्यापूर्वीच्या पत्त्यांवर आज गाड्या धावतील. हसू नका, एकदा झालंय.

ज्या पत्रावरून तुम्ही चौकशीला आलात, ते लिहिणारी माझी बायको आहे हे तुम्हाला माहीत होतं? नव्हतं. आडनाव तिनं लग्नाआधीचंच ठेवलंय. खालच्या मजल्यावर कंट्रोल रूममध्ये अकरा वर्षं फोन घेतेय. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज ऐकलात ना तिचा — समोरचा माणूस किंचाळत असला तरी हिचा आवाज असा, जसं काही भाजी निवडतेय. घरीही तसाच. भांडतानाही.

त्या दिवशी मी रजेवर होतो. गिझर दुरुस्त करायला माणूस आला होता. तो म्हणाला, पार्ट मागवायला लागेल, पुन्हा कधी येऊ? हिची ड्युटी मला माहीत नाही, म्हणून हिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे त्यांचा, पण तीनदा वाजल्यावर तिला वाटलं, घरी काहीतरी झालं. समोर एका मुलीचा कॉल नुकताच संपला होता — बाबांच्या छातीत दुखतंय, घाम आलाय, लवकर या. पत्ता टाइप करून झाला होता. फक्त ‘पाठवा’चं बटण राहिलं होतं. आणि हिनं माझा फोन उचलला.

आठ मिनिटं चाळीस सेकंद. माझ्या मोबाईलमध्ये आहे अजून. गिझरला किती लागतात, एक मिनिट. त्यानंतर मी म्हटलं, आईला घेऊन येतोय पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, कधीपर्यंत? एवढंच, कधीपर्यंत. आणि त्या एका शब्दावर मी सात मिनिटं बोललो. ती मधे मधे म्हणत होती, अरे मी कामावर आहे, नंतर बोलू का, — मी म्हटलं, तुला माझ्या आईचा विषय निघाला की बरोबर काम आठवतं. असं म्हटलं मी.

दोन तेराला दाबायला हवं होतं ते बटण दाबलं गेलं दोन बावीसला. गाडी पोचली दोन एकतीसला. ते गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवायचे. वय बावन्न. दवाखान्याच्या दारातच प्राण गेला. नऊ मिनिटांनी फरक पडला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मी तीनदा विचारलं त्यांना. तीनदा तेच.

पाच वाजता हिचा फोन आला. रडली वगैरे नाही. म्हणाली, तो माणूस गेला, आणि बटण माझ्याकडून राहिलं होतं. मी म्हटलं, कुणाला बोलू नकोस, घरी ये. आणि लॅपटॉप उघडला. दोन ओळी, मॅडम. एक पाठवल्याची वेळ, एक गाडीला मिळाल्याची. दोन तेरा, दोन तेरा. चहा निवायच्या आत झालं. मला वाटलं, वाचवलं हिला.

दादांचं माझ्या डोक्यातच नाही आलं. दादा म्हणजे ड्रायव्हर, सगळे दादाच म्हणतात त्यांना. कागदावर आता दोन तेराला निरोप मिळालाय आणि गाडी नऊ मिनिटं पेट्रोल पंपाजवळ उभी आहे. दादा सांगताहेत, मला दोन बावीसलाच आला हो. कोण ऐकतो? मशीन दोन तेरा म्हणतंय. चौथ्या दिवशी गाडीवरून उतरवलं त्यांना.

ही साहेबांकडे गेली. म्हणाली, दादांची चूक नाही, माझी आहे. साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली तिला. म्हणाले, ताई, तुम्ही वेळेत पाठवलंय, मनाला लावून घेऊ नका, आठ दिवस रजा घ्या. घरी आली आणि मला म्हणाली, तू बघ ना एकदा आत, तुला सगळं दिसतं. मला आठवतंय रे, मी फोन खाली ठेवला आणि मगच दाबलं. मी म्हटलं, बघितलं. दोन तेराच आहे. धक्का बसला की माणसाला असं वाटतं.

तेव्हा तिनं बघितलं माझ्याकडे. बराच वेळ. नंतर भाजी गरम केली, आम्ही जेवलो.

त्यानंतर ती — काय सांगू, कशावरच भरवसा उरला नाही तिचा. गॅस बंद केला का, तीनदा बघायची. कुलूप लावून जिना उतरायची, परत चढायची. अकरा वर्षांत एक पत्ता चुकला नाही जिचा, ती मला विचारते, आज वार कुठला, नक्की ना? मी म्हणतो, नक्की. मला काही वाटत नाही, मॅडम. वाटायला हवं ना? कामावर येतो, बॅकअप बघतो, घरी जातो.

गेल्या रविवारी मटार सोलताना तिनं विचारलं, ते तुम्ही चार-चार तासांनी घेता ना, ते किती दिवस राहतं? साधाच प्रश्न. मी तीस म्हणू शकलो असतो. तिला कळलं नसतं. हा स्नॅपशॉटही एका कमांडनं उडाला असता, विचारणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, साठ. तिनं मटार संपवले आणि तुमच्या खात्याला पत्र लिहायला बसली. तिला कळलंय का? माहीत नाही. मी विचारलेलं नाही. तिनंही नाही.

हां, हा क्लोनमधला डेटाबेस सुरू होतोय. मधेच वीज गेली होती असं समजून उठतो तो. अर्धवट राहिलेलं टाकून देतो, पक्कं झालेलं ठेवतो. अक्षरं वर सरकताहेत ती त्याचीच. थांबली. उघडला.

आता तुमच्याकडचा कॉल नंबर द्या. हं... नऊ, चार, शेवटी सात. एंटर तुम्ही दाबा. मी बघत नाही, तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा.

बरोबर. छापून घ्या. शेजारी खऱ्या डेटाबेसमधलीही ओळ काढून देतो, दोन्ही एका कागदावर. खाली सही करतो. आणि दादांना परत गाडीवर घेतल्याचं पत्र आजच निघेल ना? उद्या नको, आज.

ही खाली बाकावर बसलीय. मीच घेऊन आलो, म्हटलं, ऑफिसात काम आहे, चल. तिला जाऊन सांगा, दोन बावीस होतं. तुला आठवतंय ते बरोबर आहे, असं सांगा. नाही, मी नाही येत. बाकीचंही तुम्हीच सांगा, नाहीतर राहू दे, तीच विचारेल. कागद घ्या तो. जिना डावीकडे आहे. जा तुम्ही.