नळाखालची टाइल

नाई म्हन्जे नाई! ठेव बे धम्मरत्ना, तो हातोडा खाली. ठेव म्हन्तो ना! घंटाभरापासून तेच तुहं— 'तानाबाई, फोडा लागते, तानाबाई, फोडा लागते.' कोनाले इचारलं? प्रसेनजितले? पोरगा माहा हाय, पन न्हानी बी माहीच हाय. तो राह्यते अकोल्यात, तिथून फोनवर हुकूम सोडते— धम्मरत्न मिस्त्रीले धाडतो, गुळगुळीत टाइल काढून खरबुडी बसवाले लावतो, आन् तुले मंजूर नसन तर घराले कुलूप लाव, मी इकडं आनून टाकतो तुले. आनून टाकतो! मी काय सोयाबीनचं पोतं हाय?

आन् तू मले काय शिकोतं रे? तू जन्मला नव्हता तवापासून म्या गवंड्याच्या हाताखाली टोपले वाह्यले. चिखलीतल्या कितीक बंगल्याइच्या भिती माह्या डोक्यावरून वर गेल्या. कोनी शिकोलं नाई— टोपलं वाह्यता वाह्यता डोळे उघडे ठेवले, बस. मिस्त्री जेवाले बसला का मी त्याची करनी, ते गिलाव्याची थापी, हातात घेऊन पाहो. ओळंबा कसा सोडा लागते, नळीत पानी भरून लेवल कशी काढा लागते, सारं पाहून पाहून. हे घर पाय— कोबा माहा, गिलावा माहा, ते खिडकीची चौकट म्या बसोली. आन् ह्या न्हानीत एक तांब्या पानी ओत. ओत ना, हाव, तोच तांब्या— पाय कुठं जाते. सीधं भोकात! कोपऱ्यात एक थेंब थांबत नाई. तू त्या धाड गावात बसोलेल्या न्हान्या बी पाह्यल्या म्या— बदकं पोहतीन त्याइच्यात.

काय म्हनला? पानी जाते पन पाय ठरत नाई? मंग हे पोतं काऊन अंथरलं? सहजच अंथरलं. टाइल थंड लागते पायाले. हाव, उन्हाळ्यात बी लागते! म्हाताऱ्या पायाले काई बी लागते. आन् कोपराकडं नको पाहू. मी पडली नाई, बसली— जराशी जोरानं बसली. त्या शेजारच्या रेणुकानं लगेच प्रसेनजितले फोन लावला. शेजारीन हाय का पोलीस?

हाव, भितीले लावाचीच टाइल हाय ते. भितीची टाइल लावली म्या जमिनीले, मले का मालूम नाई? चिखलीच्या दुकानदारानं बी सांगतलं होतं— 'बाई, खाली टाकू नका, पान्यानं बरफावानी होतीन.' मले वाटलं, बाईमानूस पाहून महागाचा माल गळ्यात मारून राह्यला. आन् ह्याच्यावर निळे फुलं होते ना... सारी जिंदगी असे फुलं टोपल्यात घालून लोकाइच्या घरी वर चढोले. वाटलं, एक खेप आपल्या पायाखाली बी असू द्या. बस, एवढंच.

त्याइनं बी म्हनलं होतं. इंद्रभाननं— नवऱ्याचं नाव घेतलं तर घेतलं, आता कोन रागावते. पयल्याच दिवशी म्हने, 'ताने, घसरून राह्यलं इथं.' मी म्हनली, 'टाइल सीधी हाय, तुमचे पाय वाकडे हायेत.' तो रोज म्हने, मी रोज हासो. मंग म्हनाचं सोडलं त्यानं, भित धरून जाऊ लागला. त्या चुन्यावर पाच बोटाचा डाग पडला, तो दिसते ना अजून? त्याच्यावरून बी बोल्ली मी— माही भित खराब करता म्हनून.

एक दिवस नळाखालची बालटी उचलाले वाकला, आन् आदळला. खुबा मोडला. तीन महिने खाटेवर होता, उठला नाई तो नाईच. आन् तीन महिन्यात एका सबदानं नाई म्हनला का तुह्या टाइलनं पाडलं मले. कोनी पाहाले आलं का सांगे, 'चक्कर आली होती.' प्रसेनजितले बी तेच सांगतलं. पोराले अजून तेच मालूम हाय.

तू सांगशीन त्याले? नको सांगू. ... सांगतलं तर सांग, मी थकली आता. तो गेल्याले सहा वर्सं झाले, रोज हे ओलं पोतं उचला, पिळा, उन्हात टाका, सांजच्याले पुन्ना अंथरा. दोन खेप छन्नी घेऊन बसली होती इथंच. हात उठला नाई. लोकाइले सांगतो, म्हातारपनानं उठत नाई.

असा काऊन पाहून राह्यला? तोंड मीट. घे, पोतं उचल ते. दारापासून सुरू कर, सांधा धरून, हळू. भितीले धक्का लागला तर याद राख— आन् त्या डागावर चुना मारू नको, प्रसेनजितनं सांगतलं तरी. आन् आयक, नळाखालची तेवढी एक टाइल सोडजो. ते मी फोडीन, तवा तू बाहेर जाऊन उभा राह्यजो.