उजवीकडून डावीकडे

—नाही, नाही, तो स्क्रू राहू द्या जावईबापू, तो मी आत्ताच बसवलाय. तुम्ही आपले त्या स्टुलावर बसा. आणि ती मोजपट्टी ठेवा बघू खाली, सकाळपासून हातातून सुटली नाही तुमच्या, जेवतानासुद्धा शेजारी होती, मी बघत होतो. काय थाट आहे पण, वा! गाडी बिचारी बाहेर उन्हात तापतेय आणि तिच्या खोलीत हे राउटरचं, म्हणजे लाकडाच्या कडा कोरायच्या मशीनचं, टेबल सावलीला उभं. वर हा राउटर वरखाली करायचा दांडा, हा भुसा ओढायचा पाइप, हा पायानं दाबायचा स्विच, हे ढकलायचे दोन ठोकळे — रबर लावलेले, बरं का — आणि हा लाकूड दाबून धरायचा कंगवा. कंगवाच म्हणतो मी त्याला, दाते नाहीत का त्याला? आपल्या दोघांच्या डोक्याला आता लागत नाही, टेबलाला तरी लागू दे. सगळं आहे. लाकूड कुठाय? नाही ना? वाटलंच मला. म्हणून पिशवीत घालून आणलाय एक तुकडा. आणि पहिली वस्तू काय करणार म्हणालात — ही सगळी अवजारं ठेवायला कपाट! म्हणजे टेबल घ्यायचं कपाट करायला, आणि कपाट करायचं टेबलाचं सामान ठेवायला. छान चाललंय.

रागावू नका, थट्टा केली. काम नीट केलंयत तुम्ही, एक-दोन गोष्टी सोडल्या तर. ही मधली प्लेट बघा, राउटर जिला टांगलाय ती — हिच्यावरून बोट फिरवा. लागतंय काही? लागलंच पाहिजे, कडेला केसभर खाली आहे. लाकूड सरकत आलं की तिथं अडखळणार. हे चार कोपऱ्यांतले स्क्रू कशाला दिलेत मग, शोभेला? थोडं वर — अजून — बास. आता फिरवा बोट. आणि ही मागची आडवी पट्टी, जिला तुम्ही फेन्स म्हणता, ती दोन्ही टोकांना सारखी यावी म्हणून दोन तास मोजत बसला होतात म्हणे. अहो, इथं काही गरज नाही हो त्याची. करवतीच्या टेबलावर लागते. इथं बिट, म्हणजे हे कापायचं पातं, गोल फिरतंय, पट्टी तिरकी झाली तरी बिटापासूनचं अंतर तेच. दोन तास! तेवढ्यात बायकोशी बोलला असतात तर ती खूश झाली असती. आणि बिट — हे बघा, हे मात्र महत्त्वाचं — पकडीच्या तळाला टेकवून आवळलंयत. तसं नाही करायचं. टेकवायचं, मग चिमूटभर वर उचलायचं, आणि मग आवळायचं. नाहीतर पकड नीट बसत नाही, आणि सुटलं तर कुठं जाईल ते मी सांगू शकत नाही.

तिनंच फोन केला होता, आमच्या ठमीनं. तुम्हाला काय सांगितलं, बाबा सहज येतायत? सहज कसला. 'बाबा, ह्यांनी मशीन आणलंय, बोटंबिटं तोडून घेतील, तुम्ही येऊन नको म्हणा,' असं होतं ते. मी म्हटलं, बरं, नको म्हणतो. आणि आल्यापासून प्लेट बसवत बसलोय, आता काय करायचं? आणि तुम्हाला ही हौस लागली कुठून, तर म्हणे तिच्याकडूनच. लग्न झाल्यापासून ऐकवत आलीय, माझ्या बाबांनी चाळीस वर्षं मशीनवर काम केलं, कधी ओरखडा नाही उठला. तुम्ही म्हणालात ना मघाशी, पानावर बसताना, की तुमच्याकडे बघूनच धीर आला. घास अडकला माझा. ते... तिखट होतं जरा, म्हणून.

असो. आता नीट ऐका, ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सगळं जमतं. हातातला राउटर चालवताना कड समोर धरायची आणि डावीकडून उजवीकडे जायचं. पण इथं तोच राउटर उलटा टांगलाय, तोंड वर. म्हणून लाकूड कुठून सरकवायचं? बरोबर, उजवीकडून डावीकडे. पेन्सिल द्या, मी टेबलावरच बाण काढतो. लाजायचं काय त्यात? नवशिक्याला हे सोपं जातं, त्याच्या हाताला दुसरी सवय नसते. जुन्या माणसाची पंचाईत. एक सुतार होता माझ्या ओळखीचा — जन्मभर हातानं राउटर चालवला, म्हातारपणी हौसेनं टेबल घेतलं. तुमच्यासारखंच, सगळं सामान. सहा महिने छान चाललं. एक दिवस घाईत होता, गिऱ्हाईक दारात उभं, कपाटाची शेवटची पट्टी राहिलेली. डोक्याला ठाऊक होतं हो, हाताला नव्हतं. डावीकडून घातली. मशीन ढकलत नाही तेव्हा, ओढतं. पट्टी कधी गेली ते कळलंसुद्धा नाही, आणि पाठोपाठ हात गेला, दुखलंही नाही आधी, मी आपला पट्टी कुठं पडली ते शोधत होतो, आणि खाली बघितलं तर —

काय?

हं. 'मी' म्हणालो का.

शटर नव्हतं, नाही. हे बोट दुकानाच्या शटरखाली गेलं असं घरी सांगितलं, आणि घरानं मानलं. शेजारच्या वखारवाल्यानं दवाखान्यात नेलं, तेवढ्या एकालाच ठाऊक. काय सांगणार होतो? ठमी लहानपणी मैत्रिणींना घेऊन यायची दुकानात, माझे हात दाखवायला — बघा, दहाच्या दहा. तिला काय सांगू, की घाईत चुकलो, शिकाऊ माणसासारखा? मग गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद केलं. गुडघ्यांना काही झालेलं नाही. मघाशी जिना चढलो तेव्हा तुमच्या पुढं होतो मी. त्या दिवसापासून तीन वर्षं झाली, राउटरचा आवाज आला की रस्ता बदलतो. आणि माझ्या त्या थापेवर विसंबून तुम्ही टेबल घेऊन बसलात. मला लाज वाटते हो, खरंच वाटते.

नाही, तिला तुम्ही नका सांगू. मी सांगेन. आजच, चहाच्या वेळी. पण आधी हा तुकडा जाऊ दे एकदा माझ्या हातून. कंगवा घट्ट बसवलाय, ठोकळे दोन्ही हातांत आहेत, बाण समोर आहे. नाही, तुम्ही नका थांबू इथं. तुमच्यासमोर हात कापला तर — कापला म्हणजे थरथरला म्हणतोय मी, बघा कसा चेहरा झाला तुमचा. वर जा. दार ओढून घ्या. मशीनचा आवाज आला तर घाबरू नका, तिलाही सांगा घाबरू नको म्हणून. पाच मिनिटांत आवाज आला नाही, तर मात्र खाली या.