ट्रकमध्ये टिकणारे स्पीकर

जयपुरात मराठी कुणाला कळणार, अशा खात्रीने ते नवरा-बायको दुकानात माझ्या शेजारी बसून बोलत होते. समोर स्पीकरच्या दोन जोड्या होत्या, एक प्लास्टिकची आणि एक लाकडाची.

"तुम्हाला काय, सामान बांधायला मीच असते."

"अगं, या प्लास्टिकच्यातून तबला ऐक. बोटन् बोट वेगळं वाजतंय."

"वाजू दे. भोपाळहून इथे येताना आरसा फुटला, त्याआधी नांदेडहून निघताना कपाटाचा पाय गेला. हे प्लास्टिक टिकणार आहे का?"

"लाकडाच्यातून सगळे घोंगडी पांघरून गातात."

"ट्रकमधून उतरल्यावर गातील तरी."

"बहनजी ठीक कह रही हैं, यह लकड़ी वाला छत से गिरे तब भी चलेगा." 'ट्रक' एवढाच शब्द पकडून दुकानदार म्हणाला.

"बघा, भैयाही तेच म्हणतोय."

"भैयाची कधी बदली झालीय?"

"तुमची होते ना, दर तीन वर्षांनी. यंदाही जूनमध्ये होईलच. मी खोकी जमवायला लागलेसुद्धा."

"आवाज ऐक ना जरा."

"आवाजाचं काय घेऊन बसलात? ट्रकचं बोला."

"बँकेत स्वेच्छानिवृत्तीसाठी मी नाव दिलंय, विभा. आता ट्रक येणार नाही."