माझ्या वाट्याचं वचन

— नाही हो ताई, हात जरा वर धरा, हं, असाच, आणि हलू नका, कमरेशी टाचण्याच टाचण्या आहेत. तर काय सांगत होते — गुरुवारचं! तुम्ही विचारलंत ना, एवढ्याशा शिवणाच्या दुकानात इतक्या खुर्च्या कशाला? अहो, दर गुरुवारी संध्याकाळी मशीन भिंतीला सारायचं, खुर्च्या गोल मांडायच्या आणि आम्ही मंडळी बायबल वाचायला बसतो. पाळकसाहेबांच्या घरी जिना आहे आणि बेकरीवाल्या मावशींना गुडघे नाहीत — म्हणजे आहेत, पण असून नसल्यासारखे.

नवरा गेल्यावर मी एकटीच वाचायची. रोज वाचायची. पण एकटं वाचलं ना, की माणूस आपल्याला हवं तेच पान उघडतो. मी आपली रडणाऱ्यांची स्तोत्रं धरून बसायची — पुस्तक आपोआप तिथेच उघडायला लागलं! गोलात तसं चालत नाही. एकेकाने एकेक वचन वाचायचं, वाट्याला येईल ते. मग त्यावर बोलायचं, भांडायचंसुद्धा. मावशी तर पाळकांनाही सोडत नाहीत. आणि खरं सांगू? जे मी शंभरदा वाचलं होतं, ते तिथे पहिल्यांदा ऐकलं.

आता एक लबाडी मी करते — सगळेच करतात हो! — आधीच खुर्च्या मोजायच्या, आपलं वचन हेरायचं नि मनात घोकून ठेवायचं. गेल्या गुरुवारी रूथची गोष्ट होती. सासू एकटी निघालीय आणि विधवा सून तिला म्हणते, जिथे तू तिथे मी. मोजते तर काय, ते वचन बरोब्बर माझ्या वाट्याला! आणि माझ्या अलीकडच्या खुर्चीत कोण? घड्याळवाले. — कोण म्हणजे? आमच्यातलेच एक. घड्याळं दुरुस्त करतात. विधुर आहेत, सभ्य आहेत — असं काय बघताय? मी काही म्हटलं का? — बरं, म्हटलं. आवडतात मला. झालं समाधान? या वयात!

तर मी घसा खाकरून तयार. आणि वाचन अर्ध्यावर आलेलं असताना मावशी उगवल्या — पाव जळला म्हणून उशीर — आणि घड्याळवाल्यांच्या अलीकडे खुर्ची घुसवून बसल्या! बसल्या त्या बसल्या, वर एक वचन वाचूनही टाकलं. झालं, सगळं गणित एका खुर्चीने सरकलं. माझं वचन गेलं घड्याळवाल्यांना. बिचारे! कानाच्या पाळ्या लालेलाल. निम्मं वाचलं, थांबले. मग चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेलं पुस्तकात न बघता म्हटलं. न बघता, ताई! पाठ होतं त्यांना! मावशी म्हणाल्या, "अहो, हे सून सासूला म्हणते, तुम्ही कोणाला म्हणताय?" सगळा गोल खो खो हसला. पाळक म्हणाले, "पुढे वाचा." पुढचं माझ्या वाट्याला — तू मरशील तिथे मी मरेन, तिथेच मला पुरतील! तेसुद्धा मी अशी वाचत होते, जशी पेढे वाटतेय. एकटी वाचत बसले असते, तर घडलं असतं का हे?

खुर्च्या आवरताना घड्याळवाले हळूच म्हणाले, "मुलीला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही." मुलगी परगावी असते. आई गेल्यापासून तिने घरातली वाटीसुद्धा जागची हलवू दिली नाही म्हणे. फार करारी, नाकावर माशी बसू देत नाही. ती नाही म्हणाली तर संपलंच. बापलेकीत भांडण लावून मला काही नको. पण मग गुरुवारी त्यांच्या शेजारी बसू कशी, सांगा? जीव नुसता टांगणीला लागलाय.

— हसताय काय? हलू नका म्हटलं ना! बाही एवढीच ठेवू? आणि घाई कसली ते सांगितलंच नाहीत. लग्न आहे? अरे वा! कोणाचं?

वडिलांचं?

— अगं बाई. त्याच पाळ्या. तशाच लाल. तू — तुम्ही घड्याळवाल्यांची — आणि मी ते माशीचं — देवा रे! — नको, नको पोरी, मिठी नको मारूस, टाचण्या आहेत, टोचतील गं —

टोचू देत.